काठी खालीं ठेवल्यावर : हॉकीपटु हेक्टर ब्लेक याची कारकीर्द

अंगीं विद्या असणें ही एक गोष्ट आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरवितां येणें ही अगदीं निराळी गोष्ट, हा अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. ज्याच्या तानेवर मैफल डोलावी असा गवई शिकवावयास बसला कीं शिष्य रडकुंडीला येतो. जिच्या हातची पुरणपोळी साऱ्या आळींत वाखाणली जाते ती आजी, ‘कणीक किती सैल भिजवावी?’ या सुनेच्या प्रश्नाला ‘हाताला कळतें’ एवढेंच उत्तर देते. स्वतः करणें सुटल्यावाचून दुसऱ्याकडून करवून घेणें साधत नाहीं, आणि स्वतः करणें सोडणें हेंच मनुष्याला जड जातें. घरांतील कर्त्या पुरुषाला हा प्रसंग साठी उलटल्यावर येतो. खेळाडूला तो पस्तिशींतच गांठतो. अशा एका खेळाडूची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटली म्हणजे गवताचें मैदान डोळ्यांपुढें येतें. कॅनडांत हॉकी म्हणजे बर्फावरची. सुमारें २०० फूट लांब व ८५ फूट रुंद अशा गोठविलेल्या पृष्ठावर दोन्ही पक्षांचे सहा-सहा गडी पायांत धारदार पोलादी पात्यांचे जोडे घालून घसरत असतात. चेंडूच्या जागीं तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची टणक रबराची चकती असते, आणि ती काठीनें विरुद्ध पक्षाच्या जाळ्यांत घालावयाची असते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. अंगानें अंग रेटण्यास मुभा. आणि नियमभंग केल्यास गुन्हेगार गड्यानें ठराविक मिनिटें बाहेर बसावयाचें, तोंवर त्याच्या पक्षानें एक गडी कमी घेऊन लढावयाचें. खेळाचा वेग इतका, कीं गडी थोडक्या वेळांत दमतात व खेळ चालू असतांच ते बदलावे लागतात. कोणाला केव्हां आंत धाडावें व केव्हां बाहेर बोलवावें, हें ठरविणारा मनुष्य कडेला उभा असतो. त्याच्या हातांत काठी नसते, पायांत पात्यांचे जोडे नसतात. तरी जयापजयाचा मोठा भार त्याच्याच शिरावर असतो.

हेक्टर ब्लेक याचा जन्म २१ ऑगस्ट १९१२ रोजीं ऑन्टॅरिओ प्रांतांत, सडबरी शहराजवळील व्हिक्टोरिया माइन्स या खाणींच्या वस्तींत झाला. धाकट्या बहिणीला ‘हेक्टर’ हें नांव नीट उच्चारतां येईना. ती ‘हेक्-टो’ म्हणे. त्यांतलें ‘टो’ तेवढें उरलें आणि जन्मभर तेंच त्याचें नांव झालें. घरांतील लाडकें नांव जगभर होण्याचें भाग्य थोड्यांनाच लाभतें! त्याची आई फ्रेंच भाषा बोलणाऱ्या समाजांतील होती, त्यामुळें इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषा त्याला सारख्याच अवगत झाल्या. पुढें माँट्रियलसारख्या दोन भाषांच्या व दोन अभिमानांच्या शहरांत वावरतांना हें मातृधन त्याच्या फार कामीं आलें.

१९३५ सालीं तो माँट्रियल मरून्स या संघांत होता, आणि त्या वर्षीं त्या संघानें व्यावसायिक हॉकींतील सर्वश्रेष्ठ असा स्टॅन्ले चषक जिंकला. पुढच्याच वर्षीं तो त्याच शहरांतील कॅनेडियन्स संघांत आला. हा संघ म्हणजे फ्रेंच लोकांच्या गळ्यांतील ताईत. १९३८-३९ च्या हंगामांत ४७ गुण मिळवून ब्लेक साऱ्या संघांत पहिला आला व सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिकही त्यालाच मिळालें. १९४० पासून तो संघनायक झाला. एल्मर लाक, मॉरिस रिशार आणि ब्लेक या त्रयीनें प्रतिपक्षाला धडकी भरविली. १९४४ च्या अंत्य सामन्यांत कॅनेडियन्स संघ शेवटच्या डावांत चार विरुद्ध एक असा मागें पडला होता. तो बरोबरीला आला, आणि जादा वेळांत ब्लेकनें निर्णायक गोल करून चषक जिंकून दिला. १९४६ मध्यें पुन्हा चषक आला. त्याच हंगामांत सभ्य खेळाबद्दलचें बक्षीसही त्याला मिळालें. कारण सबंध हंगामांत तो शिक्षा म्हणून अवघीं दोन मिनिटें बाहेर बसला होता. ही दोन मिनिटें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम आहे.

१० जानेवारी १९४८ रोजीं न्यूयॉर्कच्या संघाविरुद्धच्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याच्या धडकेनें ब्लेक पडला आणि त्याचा पाय मोडला. ५७७ सामने, २३५ गोल. तेथेंच हिशेब मिटला. त्याचें वय होतें पस्तीस.

येथून खरी कथा सुरू होते. एवढ्या नामांकित नायकाला एकदम मोठें पद मिळालें असेल असें कोणासही वाटेल. पण तसें घडलें नाहीं. ह्यूस्टन, बफेलो, आणि मग क्वेबेक प्रांतांतील व्हॅलीफील्ड नांवाचें लहानसें गांव, अशा ठिकाणीं दुय्यम संघांना शिकवीत त्यानें सात वर्षें काढलीं. आपल्याकडे मोठा वकील मुन्सफाच्या कोर्टांत पुन्हा उमेदवारी करूं लागावा, तसाच हा प्रकार होता. परंतु स्वतः न खेळतां खेळवावें कसें, हें तो याच वर्षांत शिकला.

इकडे माँट्रियलमध्यें त्याचा जुना सोबती मॉरिस रिशार हा लोकांचें दैवत झाला होता. पण त्याचा क्रोधही त्याच्या कौशल्याइतकाच प्रखर होता. मार्च १९५५ मध्यें बोस्टन येथील सामन्यांत त्यानें प्रतिस्पर्ध्याला काठीनें मारलें आणि मध्यें पडलेल्या पंचावरही हात टाकला. संघटनेचा अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यानें त्याला उरलेल्या हंगामाची व अंत्य सामन्यांची बंदी केली. १७ मार्च रोजीं स्वतः कॅम्बेल माँट्रियलच्या क्रीडागृहांत येऊन बसला, तेव्हां लोकांचा संयम सुटला. सामना बंद पडला, जमाव रस्त्यावर आला, दुकानें फुटलीं. दुसऱ्या दिवशीं रिशारला रेडिओवरून लोकांना शांत राहण्याची विनंति करावी लागली. त्या वर्षीं चषक हातचा गेला आणि जुना मार्गदर्शक डिक अर्व्हिन संघ सोडून गेला.

आतां रिशारला आवरील असा मनुष्य हवा होता. ज्याच्या शेजारीं उभा राहून तो वाढला, ज्याचा शब्द तो मानी, आणि जो त्याच्या भाषेंत त्याच्याशीं बोलूं शके, असा एकच पुरुष डोळ्यांपुढें आला. जून १९५५ मध्यें ब्लेककडे संघाचीं सूत्रें आलीं.

आपल्या बरोबरीच्याला आज्ञा करणें किती अवघड असतें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना सांगावयास नको. कालपर्यंत ज्याच्याबरोबर एका ताटांत जेवलों, त्यालाच आज ‘आतां तूं बाहेर बैस’ असें म्हणावयाचें! ब्लेकनें तें साधलें. पहिल्याच हंगामांत ७० पैकीं ४५ सामने जिंकून त्याच्या संघानें चषक मिळविला, आणि पुढें १९६० पर्यंत ओळीनें पांच वर्षें तो दुसऱ्या कोणाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. १९६० च्या अंत्य स्पर्धेंत तर आठांपैकीं एकही सामना हा संघ हरला नाहीं. शिक्षा होऊन प्रतिपक्षाचा एक गडी बाहेर बसला, कीं त्या दोन मिनिटांत हे लोक दोन-दोन, तीन-तीन गोल करीत. १९५५ च्या नोव्हेंबरांत जाँ बेलिव्हो यानें अशा वेळीं ४४ सेकंदांत तीन गोल केले. अखेर १९५६ मध्यें नियमच बदलावा लागला, आणि एक गोल झाल्याबरोबर त्या गड्यानें परत यावें असें ठरलें.

म्हणून ब्लेकचें कधीं चुकलेंच नाहीं असें मात्र नव्हे. त्या काळीं गोलरक्षक उघड्या तोंडानें उभे राहत. झाक प्लाँत हा त्याचा गोलरक्षक सरावाच्या वेळीं मुखवटा घाली. पण सामन्यांत तो घालण्यास ब्लेकचा विरोध होता. मुखवट्यानें नजर अडेल व गड्याचें धाडस कमी होईल, अशी त्याची समजूत होती. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें चकती प्लाँतच्या तोंडावर बसली व चेहरा रक्तानें भरला. टांके घालून झाल्यावर त्यानें स्वच्छ सांगितलें, कीं मुखवट्यावांचून मी परत जाणार नाहीं. बदली गोलरक्षक नव्हता. ब्लेकला मान तुकवावी लागली. तो सामना संघानें जिंकला, आणि पुढेंही जिंकतच गेला. मार्च १९६० मध्यें ब्लेकच्या आग्रहावरून प्लाँत एक सामना पुन्हा उघड्या तोंडानें खेळला. तो सामना संघ हरला. त्यानंतर मुखवटा कायमचा झाला. वडीलधाऱ्यांची काळजी खरी असूनही त्यांचें मत चुकीचें असूं शकतें, याचें हें बोलकें उदाहरण होय. आग्रह सोडण्याचें शहाणपण ब्लेकला उशिरां सुचलें, पण सुचलें.

आणि तीं दोन मिनिटें? १९६१ च्या मार्चमध्यें शिकागो येथें तिसऱ्या जादा डावांत त्याचा संघ हरला. पंचाच्या निर्णयांनीं संतापलेला ब्लेक तडक बर्फावर गेला व त्यानें पंचावर मूठ उगारून प्रहार केला. त्याला २००० डॉलरचा दंड झाला. तरुणपणीं सबंध हंगामांत दोनच मिनिटें शिक्षा भोगणारा, आणि ज्याला रिशारचा क्रोध आवरण्यासाठीं बोलाविलें तो हा पुरुष! स्वतः खेळतांना अंगांतला आवेग काठीवाटे निघून जातो. कडेला उभें राहणाऱ्याला तो गिळावा लागतो. घरांतील वृद्ध क्षुल्लक कारणावरून तापतात तेव्हां आपण त्यांना हंसतों. पण हातून काम सुटलेल्या मनुष्याची ही तगमग कोणी जाणून घेतो का?

त्या वर्षीं चषकाची मालिका तुटली. परंतु १९६५, १९६६ व १९६८ सालीं ब्लेकनें नव्या तरुणांकडून तो पुन्हा जिंकून घेतला. तेरा वर्षांत आठ चषक; ९१४ सामन्यांत ५०० विजय, २५५ पराभव आणि १५९ बरोबरी. १९६८ चा विजय पदरीं पडतांच त्यानें पद सोडलें. मनावरील ताण आतां सोसवत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. बर्फावरून त्याला मोडक्या पायानें उचलून आणावें लागलें होतें. या वेळीं मात्र तो स्वतःच्या पायांनीं बाहेर पडला.

रिशारचें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. १९७२ सालीं क्वेबेक येथील एका नव्या संघानें त्याला मार्गदर्शक नेमलें. दोन सामने होतांच त्यानें पद सोडलें. खेळाडू म्हणून तो ब्लेकहून श्रेष्ठ होता, याविषयीं दुमत नाहीं. पण कडेला उभें राहण्याची विद्या वेगळी.

ब्लेकच्या काळांत कॅनेडियन्सच्या तरुण संघांना शिकविणारा स्कॉटी बोमन म्हणून एक गृहस्थ होता. डोक्याच्या दुखापतीनें त्याचा खेळ तरुणपणींच सुटला होता. १९६८ च्या अंत्य सामन्यांत ब्लेकपुढें हरलेल्या सेंट लुइस संघाचा मार्गदर्शक तोच. पुढें तो माँट्रियलला परतला, आणि २००२ सालीं नववा चषक जिंकून त्यानें ब्लेकचा विक्रम मोडला. शिष्याकडून पराभव व्हावा ही गुरूची इच्छा असावी असें आपल्याकडे मानतात. तो दिवस पाहण्यास ब्लेक मात्र नव्हता. शेवटचीं कांहीं वर्षें त्यानें विस्मरणाच्या व्याधींत काढलीं, व १७ मे १९९५ रोजीं माँट्रियल येथें तो वारला.

मूठभर लोकांच्याच हातीं चषक येतो. पण हातांतली काठी खालीं ठेवण्याची वेळ प्रत्येकावर येते. किल्ल्या सुनेच्या हवालीं करणारी सासू, दुकानाच्या गादीवर मुलाला बसविणारा बाप, पेन्शनीत निघालेला हेडमास्तर, या सर्वांना ती चुकलेली नाहीं. त्या वेळीं कडेला उभें राहून दुसऱ्याच्या यशांत आपलें यश मानणें, चुकलें तर मान तुकविणें, आणि सोसवेनासें झालें कीं आपण होऊन निघणें, हें ज्याला थोडेंबहुत साधेल त्याचें उत्तरायुष्य पूर्वायुष्याहून उणें ठरणार नाहीं. खाणींच्या वस्तींतून आलेल्या त्या ‘टो’ला तें साधलें; पण दंड भरून, हट्ट सोडून, आणि व्हॅलीफील्डच्या थंडींत वर्षें घालवून साधलें, हेंही विसरून चालणार नाहीं.