जमिनीविना अर्थिंग

घराला अर्थिंग द्यायचे, तर खड्डा खणून मीठ-कोळसा भरता येतो. विमानाने खड्डा कुठे खणायचा?

कांदिवलीतल्या चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी नावाने त्याची नोंदणी झाली. जिद्द थोरच. पण असे विमान बांधणाऱ्याची खरी परीक्षा विजेच्या बारीकसारीक जोडांवर होते.

धातूच्या विमानात सांगाडाच ‘जमीन’ असतो. बॅटरीचे ऋण टोक त्याला जोडतात आणि बराचसा प्रवाह त्यातूनच परततो. अडचण ॲल्युमिनियमची. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ, वीजरोधक थर चढतो. म्हणून रंग खरवडून, धातू चकचकीत करून लगेच बोल्ट आवळावा लागतो.

स्टार्टर 200 अँपिअर खेचत असेल आणि जोडात ओहमचा शंभरावा भाग रोध असेल, तर बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी दोन तिथेच जातात.

रेडिओची ऋण तार भलतीकडे जोडली, तर अल्टरनेटरची घरघर थेट हेडफोनमध्ये येते. म्हणून अशा नाजूक उपकरणांच्या ऋण तारा एकाच ठिकाणी आणतात.

खऱ्या जमिनीशीही नाते उरतेच: इंधन भरण्याआधी स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी विमान तारेने भूमीला जोडतात.