आत गेलेलं काडतूस बाहेर का येत नाही?

इंग्लिश पिक्चरमधला हिरो शॉटगनची पुढची लाकडी मूठ मागे-पुढे ओढतो, ‘खटॅक्-खटॅक्’ आवाज होतो आणि व्हिलनला घाम फुटतो. हा सीन हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये रात्री दोन वाजता बघून झालेला आहे. पण समजा, ती बंदूक शंभर वर्षांची म्हातारी आहे आणि पहिल्या ‘खटॅक्’नंतर दुसरा आलाच नाही, तर? पिक्चर तिथेच संपेल, पण मेकॅनिकलवाल्यांसाठी खरी गंमत तिथूनच सुरू होते.

आपली पेशंट आहे विंचेस्टर मॉडेल १८९७. डिझाइन जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाचं. त्याचं आधीचं १८९३ चं मॉडेल काळ्या बारुदासाठी होतं. नवी धूररहित बारूद आली तेव्हा ते कमजोर पडायला लागलं, म्हणून ही सुधारलेली आवृत्ती काढली. १८९७ ते १९५७ अशी साठ वर्षं ती बनत होती आणि दहा लाखांच्या वर विकली गेली. त्यामुळे अमेरिकेत आजोबांची बंदूक माळ्यावरून खाली येते आणि नातू डोकं खाजवत बसतो, हे नेहमीचंच.

आधी सायकल समजून घेऊ. मूठ मागे ओढली की बोल्ट मागे जातो. त्याचा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, रिकामं काडतूस चेंबरमधून ओढून आणतो आणि इजेक्टर त्याला टिचकी मारून बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो. जाता जाता बोल्ट घोडाही चढवतो. नळीखाली दुसरी एक नळी असते, तिला मॅगझिन म्हणतात (आपलं हे मॅगझिन नव्हे, तिथे वेळेवर मटेरियल येतं). तिच्यातून पुढचं काडतूस कॅरियर नावाच्या पाळण्यावर येतं. मूठ पुढे ढकलली की पाळणा वर उचलला जातो, बोल्ट काडतूस चेंबरमध्ये सारतो आणि तोच पाळणा बोल्टला मागून कुलूप लावतो. ओढणं, फेकणं, घेणं, उचलणं, सारणं, कुलूप. एका हाताच्या दोन हालचालींत एवढं सगळं! आमच्या टीओएमच्या सरांनी कॅम शिकवताना हे उदाहरण दिलं असतं तर मागच्या बाकावरचेसुद्धा जागे राहिले असते.

‘बंदूक अडकते’ असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न हाच, की यातल्या कुठल्या पायरीला? हे न विचारता थेट स्क्रूड्रायव्हर उचलणारे बरेच असतात.

गंमत अशी की काही वेळा ती अडकलेलीच नसते. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला, घोडा पडला आणि आता मूठ मागे येईना. नातू घाबरतो. पण हे मुद्दाम केलेलं आहे. घोडा पडला तरी कुलूप आपोआप उघडत नाही, त्यासाठी मूठ आधी किंचित पुढे जावी लागते. खरा बार उडतो तेव्हा धक्क्याने बंदूक मागे सरकते, हात आणि मूठ जडत्वामुळे जागीच राहतात, म्हणजे बंदुकीच्या मानाने मूठ जरा पुढे गेली आणि कुलूप उघडलं. रिकाम्या बंदुकीला धक्का कुठून येणार? तिथे मूठ आपणच जराशी पुढे ढकलून मग मागे ओढायची. एवढाच फंडा.

हा त्रास कशासाठी? कधी कधी कॅपवर घाव बसतो, पण बारूद लगेच पेटत नाही, थोडी थांबून पेटते. त्या वेळात हात वळवळला आणि बोल्ट उघडला, तर स्फोट तोंडासमोरच होणार. ब्राउनिंगने न्यूटनचा पहिला नियम वापरून ती घाई अडवली, हे मला फारच सही वाटतं. म्हणूनच चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट नुसतं थांबायचं असतं.

आता खऱ्या अडचणी. सगळ्यात साधी हाताची. मूठ पूर्ण मागे ओढलीच नाही, तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवं पाळण्यावर येत नाही. जुन्या बंदुकीला नाजूक हाताने चालवू नये, ती जोरातच ओढायची असते. दुसरी अडचण तेलाची. पन्नास वर्षांपूर्वीचं तेल वाळून व्हार्निशसारखं होतं, मग मॅगझिनची स्प्रिंग अडखळते आणि एक्स्ट्रॅक्टरचा आकडा आपल्या खाचेत हलत नाही. इथे सुटे भाग बदलण्याआधी सॉल्व्हंटने साफ करणं हाच इलाज, आणि तो बऱ्याचदा पुरतो. मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं मावतात ही तक्रार असेल, तर नळीत लाकडी दांडका आहे का बघावं. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावावीत असा नियम अमेरिकेत १९३५ साली आला, तेव्हापासून असे दांडके नळीत घालतात. एकाऐवजी दोन काडतुसं एकदम बाहेर येत असतील, किंवा एकही येत नसेल, तर संशय काडतूस अडवणाऱ्या दोन छोट्या स्टॉपवर. ते झिजतात, किंवा कोणीतरी त्यांचा स्क्रू उगाच आवळून ठेवलेला असतो.

पण मला सगळ्यात आवडलेली केस वेगळीच आहे. १६ बोअरची बंदूक. (एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड. म्हणून १२ बोअर ही १६ पेक्षा मोठी! व्हायवाला हमखास चुकणारा प्रश्न.) दुकानातून नवी काडतुसं आणली. आत मस्त गेली, बारही उडाला, पण रिकामं काडतूस निघताना खिडकीच्या पुढच्या कडेला अडकून बसलं. प्रत्येक वेळी. एक्स्ट्रॅक्टर बदलला, स्प्रिंग बदलली, तरी तेच.

आत जाताना मावलेली वस्तू बाहेर येताना का मावत नाही? कारण ती आता तीच वस्तू राहिलेली नसते. भरलेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून बंद केलेलं असतं, पुडीसारखं. बार उडाला की घडी उलगडते आणि काडतूस लांब होतं. डब्यावर छापलेली लांबी ही उलगडल्यानंतरची असते. आजचं नेहमीचं काडतूस ७० मिलिमीटरचं, पण भरलेलं असताना साधारण ६० मिलिमीटर. आणि सुरुवातीच्या १६ बोअरच्या १८९७ चं चेंबर केवळ ६५ मिलिमीटरचं! साठचं काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये आरामात जातं, तक्रारच करत नाही. मग उलगडून सत्तरचं होतं आणि पासष्टच्या हिशेबाने कापलेल्या खिडकीतून बाहेर पडायला बघतं.

अडकणं हा यातला कमी महत्त्वाचा भाग आहे. घडी उलगडायला पुढे जागा नसेल तर तिच्या पाकळ्या चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतात, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. शंभर वर्षांच्या स्टीलमध्ये. म्हणजे खिडकीत अडकलेलं ते काडतूस ही तक्रार नव्हे, वॉर्निंग आहे. इथे जो माणूस ‘जरा कानस मारून खिडकी मोठी करू’ म्हणतो, तो तापाचा थर्मामीटर फोडतोय. नुसतं चेंबर रीमरने वाढवणाऱ्यांचीही फजिती होते, कारण चेंबर लांब झालं तरी खिडकी आखूडच राहते आणि काडतूस पुन्हा अडकतं. सरळ उपाय म्हणजे आखूड काडतुसं वापरणं. ६५ मिलिमीटरची १६ बोअर काडतुसं युरोपात अजून बनतात.

नळीवर नुसतं १६ लिहिलं असेल आणि चेंबरची लांबी लिहिलेली नसेल, तर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मोजायची एक पद्धत आपल्या मेटलर्जीवाल्यांना आवडेल. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा एक मिश्रधातू असतो, सेरोसेफ नावाचा. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे मेसच्या चहाच्या पातेल्यातसुद्धा वितळेल (कॅडमियम आहे, कृपया ट्राय करू नका). नळीत पुढून बोळा घालून तो चेंबरमध्ये ओततात. थंड होताना तो थोडा आकसतो, त्यामुळे सहज बाहेर निघतो. मग हळूहळू पुन्हा फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या मूळ मापाला येतो. त्यावर व्हर्नियर लावायचा. चेंबर कुठे संपतं ती कड स्पष्ट दिसते.

कुठलीही टेस्ट करताना खरं काडतूस वापरायचं नाही, डमीच वापरायचं. याचं खास कारण या मॉडेलमध्ये आहे. यात डिस्कनेक्टर नाही. चाप दाबून ठेवला आणि मूठ पुढे ढकलली, की बोल्टला कुलूप लागताक्षणी घोडा पडतो आणि बार उडतो. अमेरिकन सैनिकांनी पहिल्या महायुद्धात ही बंदूक खंदकांत वापरली, तिथे हा वेग कामाला आला असेल. वर्कबेंचवर तो नको.

आणि आपल्याकडे कोणाच्या वाड्यात अशी एखादी सापडली, तर तिला हातच लावायचा नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे बंदूक बाळगायला परवाना लागतो, आणि धंदा म्हणून दुरुस्त करायला वेगळा. म्हणून मी हे सगळं सुट्या भागांच्या ड्रॉइंगवरून शिकलो. मेसची थाळी आडवी करून त्यावर ड्रॉइंग पसरलं, पेन्सिलीचा बोल्ट केला आणि खोडरबराचं काडतूस. खोडरबर मात्र उलगडत नाही, त्यामुळे १६ बोअरचा घोळ समजायला कागदाची पुडीच करावी लागली.