घरचा रामेन रस्सा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रामेन घरी करायचं म्हटलं की सगळ्यात आधी तासांचा हिशेब कानावर पडतो. डुकराची हाडं आणा, रात्रभर उकळा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅस चालू ठेवा, तेव्हा कुठे तो ओठांना चिकटणारा दाट रस्सा मिळणार. हे ऐकून बरेच जण बेत सोडून देतात आणि पाकिटातल्या नूडल्सवर भागवतात. हा धाक अनाठायी आहे. घरच्या प्रेशर कुकरमध्ये, कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरमधून आणलेल्या हाडांचा उत्तम रस्सा होतो. दाटपणा, चव आणि खारटपणा ही तीन वेगळी कामं आहेत आणि जपानी रामेनवाले ती वेगवेगळीच करतात, एवढं ध्यानात ठेवायचं. तिन्ही एकाच पातेल्यात उरकायला गेलं की बिघडतं.

आधी एक सोपा गैरसमज बाजूला करू. दाट आणि दुधाळ असेल तरच ते खरं रामेन, असं मुळीच नाही. 1910 मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे दुकान सुरू झालं. जपानमध्ये रामेन लोकप्रिय करणाऱ्या पहिल्या दुकानांत त्याचं नाव घेतात, आणि तिथला रस्सा सोया सॉसचा, पातळ होता. डुकराच्या हाडांचं तोन्कोत्सु ही क्यूशू बेटावरची, त्यातही कुरुमे शहराची देणगी. तिथे 1937 मध्ये एका गाडीवर हाडांचा रस्सा विकायला सुरुवात झाली, पण तोही आजच्यासारखा पांढराशुभ्र नव्हता. 1947 च्या सुमारास तिथल्याच दुसऱ्या एका दुकानात पातेलं चुकून खूप वेळ खळखळत राहिलं आणि रस्सा पांढरा झाला, अशी कथा सांगतात.

त्या कथेतच पांढऱ्या रंगाचं उत्तर आहे. आपल्याकडे रस्सा पांढरा दिसला की दूध, काजू किंवा नारळ घातला असणार असं वाटतं. कोल्हापूरचा पांढरा रस्सा तसाच होतो, त्यामुळे तर्क चुकीचा म्हणता येत नाही. पण रामेनच्या दाट रश्श्यात, ज्याला पाइतान म्हणतात, यातलं काही नसतं. हाडांवरची कातडी, कूर्चा आणि स्नायुबंध यांत कोलॅजेन असतं. ते गरम पाण्यात हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा जोरात खळखळला की वर तरंगणारी चरबी बारीक थेंबांत फुटते, आणि जिलेटिन त्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. असे असंख्य थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून रस्सा पांढरा दिसतो. मंद आचेवर तीच हाडं तितकाच वेळ ठेवली तर रस्सा सोनेरी आणि नितळ राहतो, चरबी वर जमते. त्या प्रकाराला चिंतान म्हणतात. म्हणजे हाडं तीच, पाणी तेच, फरक फक्त आचेचा. घरी रस्सा पांढरा झाला नाही अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा आच कमी पडलेली असते.

दुसरा घट्ट बसलेला समज मगजाचा. नळीची मोठी हाडं हवीत, मगज उतरला की रस्सा दाट, असं सांगितलं जातं. मगजातून चरबी आणि चव येते हे खरं, पण दाटपणा येतो तो कोलॅजेनमधून. म्हणून रामेनसाठी सर्वांत कामाची वस्तू म्हणजे कोंबडीचे पंजे. आपल्याकडचे अनेक चिकनवाले ते टाकून देतात किंवा अगदी स्वस्तात देतात. एक किलो सांगाडे, माना आणि पंखांची टोकं, त्यात अर्धा किलो पंजे, एवढं पुरे. डुकराचं मांस खायचं नसेल तर काही बिघडत नाही. कोंबडीचा पाइतान जपानमध्ये स्वतःच्या नावाने विकला जातो, त्यासाठी खास दुकानं आहेत. तो तोन्कोत्सुची नक्कल नव्हे.

हाडं धुतली की झालं, असं समजू नका. ही पायरी बहुतेक पाककृतींत एका ओळीत उरकतात, पण रश्श्याचा रंग आणि वास इथेच ठरतो. हाडं गार पाण्यात टाकून उकळी आणा आणि दहा मिनिटं ठेवा. वर करडा, तपकिरी फेस जमेल. ते पाणी सगळं फेकून द्या. मग एकेक सांगाडा वाहत्या पाण्याखाली धरा आणि आतल्या बाजूने पाठीच्या कण्यालगत बोट फिरवा. तिथे फुफ्फुसाचे लालसर तुकडे आणि काळपट गोठलेलं रक्त चिकटलेलं असतं. ते नखाने खरवडून काढा. पंज्यांवरची पिवळी साल आणि नखं राहिली असतील तर तीही काढा. हे न करता हाडं उकळली तर रस्सा राखाडी होतो, आणि तो उग्र वास मग आल्यानेही जात नाही.

आता कुकर. कुकरचा रस्सा म्हणजे पळवाट, खरा रस्सा उघड्या पातेल्यातच, असं मानणारे पुष्कळ आहेत. विज्ञान त्यांच्या बाजूने नाही. कोलॅजेन सुटायला उष्णता आणि वेळ लागतो, आणि उष्णता वाढली की वेळ झपाट्याने कमी होतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. घरच्या कुकरमध्ये पूर्ण दाब आला की ते एकशेवीसच्या आसपास जातं. त्यामुळे उघड्यावर सहा-आठ तास लागणारं काम कुकरमध्ये दीड तासात होतं. हाडं जेमतेम बुडतील इतकंच पाणी घाला, कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा. पुन्हापुन्हा शिट्ट्या झाल्या तर पाणी उडून जातं, बाकी फायदा काही नाही.

मात्र कुकर अर्धंच काम करतो. दाबाखाली, बारीक आचेवर आतलं पाणी फारसं खळखळत नाही, म्हणून झाकण उघडल्यावर रस्सा पिवळसर आणि वर चरबीचा थर असा दिसतो. इथेच अनेकांचा हिरमोड होतो आणि ते कुकरला दोष देतात. आता झाकण न लावता मोठ्या आचेवर पाऊण ते एक तास खळखळू द्या आणि डावाने हाडं ठेचत राहा. पाणी आटलं तर थोडं उकळतं पाणी घाला. डोळ्यांदेखत रंग बदलतो. कांदा, आलं, लसूण हे याच टप्प्यावर घालायचं. सुरुवातीपासून शिजवलं तर त्यांचा ताजा वास निघून जातो. गरम मसाला, दालचिनी, धणे यांचा मोह टाळा, मसाल्याखाली हाडांची चव दबते. शेवटी हाडं काढून रस्सा गाळा आणि हँड ब्लेंडर एक मिनिट फिरवा, चरबी आणखी बारीक फुटते. गरम रस्सा बंद मिक्सरच्या भांड्यात मात्र कधीही घालू नका, वाफेने झाकण उडतं.

जास्त तास म्हणजे जास्त चव, हेही खरं नाही. सगळं कोलॅजेन उतरल्यावर पुढे उकळत ठेवलं तर हाती काही लागत नाही, उलट वास बोथट होतो. चवीसाठी वापरतात त्या कात्सुओबुशीला, म्हणजे सुकवून धुरी दिलेल्या माशाच्या पातळ कापांना, तर काही मिनिटंच पुरतात. कोंबू हे समुद्री शेवाळ साठ अंशांच्या आसपास तासभर ठेवून उकळी यायच्या आत काढतात, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं.

इतकं करूनही रस्सा चाखला की सपक लागतो, आणि हात मिठाच्या बरणीकडे जातो. थांबा. तो अळणीच असायला हवा. मीठ पातेल्यात घातलं तर रस्सा आटेल तसा खारट होत जातो आणि ते परत काढता येत नाही. रामेनमध्ये खारटपणा येतो तो तारे या वेगळ्या, तीव्र अर्कातून. वाडग्याच्या तळाशी आधी तारे, त्यावर उकळता रस्सा, मग नूडल्स, आणि वर चमचाभर सुवासिक तेल. तीनशे मिलिलिटर रश्श्याला साधारण पंचवीस ते तीस मिलिलिटर तारे लागतो. सोया सॉस, थोडी मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोडसर जपानी दारू) आणि कोंबूचं पाणी एकत्र गरम केलं की साधा तारे तयार होतो. सोया सॉस मात्र नैसर्गिकरीत्या आंबवलेला घ्या. चायनीजच्या गाड्यांवर दिसतो त्या गडद सॉसमध्ये अनेकदा कॅरॅमलचा रंगच जास्त असतो.

या चवीमागचं शास्त्रही जपानी संशोधकांनीच मांडलं. 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, कितीतरी पटींनी वाढते. कोंबडीतही इनोसिनेट असतं, म्हणून कोंबूचा एक तुकडा तारेत घातला तरी फरक जाणवतो. शाकाहारी घरात सुके शिताके मशरूम हेच काम करतात, कारण त्यांत ग्वानिलेट असतं. कोंबू, शिताके आणि दाटपणासाठी बिनसाखरेचं सोया दूध वापरून फार चांगलं रामेन होतं. दूध घातल्यावर उकळू मात्र नका, ते फुटतं.

अजिनोमोटोचं भय याच ग्लुटामेटचं. ते 1968 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रापासून पसरलं. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा ठोस अपाय दिसला नाही. काळजी करायचीच तर मिठाची करा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि रामेनचा एक वाडगा रश्श्यासकट संपवला तर ती मर्यादा सहज गाठली जाते. वाडग्यात थोडा रस्सा उरला तर उरू द्या.

रस्सा चांगला उतरला का, हे फ्रिजमध्ये कळतं. गार झालेला डबा तिरका करा. रस्सा वाहायच्या ऐवजी जेलीसारखा थरथरला तर कोलॅजेन पुरेसं उतरलं. नाही थरथरला तर पुढच्या वेळी पंजे वाढवा, तास नव्हे.

शेवटचा गैरसमज धोक्याचा आहे. उकळलेला रस्सा ओट्यावर रात्रभर राहिला तरी सकाळी पुन्हा उकळला की झालं, असं अनेक घरांत चालतं. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात, रस्सा कोमट झाला की वाढतात, आणि काहींचं विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे फारच लवकर होतं. गाळलेला रस्सा पसरट भांड्यात ओता, ते भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. तिथे तो तीन-चार दिवस टिकतो. जास्त असेल तर एकेका वाडग्याचे डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवा.