जिभेवरचा पांढरा थर

पालकहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या जिभेवर दह्याच्या कणांसारखे पांढरे डाग दिसले की आपण ‘तोंड आले’ म्हणून ग्लिसरीन लावून मोकळे होतो. पुष्कळदा ती कॅन्डिडा ही बुरशी असते. ती निरोगी तोंडातही असते, पण वाढत नाही. मधुमेह, स्टेरॉइड, दीर्घकाळची अँटिबायोटिक्स, एच.आय.व्ही., रात्रीही न काढलेली कवळी यांमुळे तिला फावते. तान्ह्या बाळाची गोष्ट निराळी. मोठ्यांनी मात्र औषधाबरोबर रक्तातील साखर तपासून घ्यावीच. २०२१ मध्ये आपल्या हमीदिया रुग्णालयात काळ्या बुरशीचे रुग्ण होते. ती बुरशी वेगळी. पण देशभर त्या रुग्णांपैकी बहुतेकांना मधुमेहच होता. दम्याचा स्टेरॉइड पंप घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी नंतर चूळ भरून पाणी थुंकावे.