दोन थरांच्या पटलावर लेझरचा उजेड

पेशीचे आवरण जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचे असते. त्यात शेकडो प्रकारची लिपिडे, त्यांत रुतलेली प्रथिने, आतल्या बाजूने जोडलेले सांगाड्याचे धागे, आणि हे सगळे सतत हलत असते. यातले काय कशामुळे घडते ते जिवंत पेशीकडे पाहून सांगणे कठीण. म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी आपल्या स्वभावाला साजेशी वाट धरली: प्रथिने नकोत, सांगाडा नको, दोन-तीन लिपिडे घ्या आणि नुसत्या त्यांचेच पटल करून पाहा. अशा मॉडेल पटलांपैकी सूक्ष्मदर्शकाला सर्वांत सोयीची म्हणजे ‘महाकाय पुटिका’, अर्थात लिपिडांच्या दुहेरी थराच्या एकाच पापुद्र्याची पोकळ गोळी. नाव महाकाय असले तरी व्यास १० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे फार तर केसाच्या जाडीएवढा.

ती करण्याची आजची रूढ पद्धत अँजेलोव्हा आणि दिमित्रोव्ह यांनी १९८६ मध्ये मांडली. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले लिपिड प्लॅटिनमच्या तारेवर किंवा विद्युतवाहक लेप दिलेल्या काचेवर पसरायचे, निर्वातात ठेवून क्लोरोफॉर्मचा मागमूसही घालवायचा, वर सुक्रोजचे पाणी ओतायचे आणि एक-दोन व्होल्टचा, सेकंदाला १० आवर्तने करणारा विद्युतदाब तास-दोन तास देत राहायचे. वाळलेला थर पाणी पिऊन फुगतो, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्या गोळ्या बनतात. मग त्या ग्लुकोजच्या द्रावणात सोडतात. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज; दोन्हींचा परासरणदाब सारखा, पण आतले द्रावण जड, म्हणून गोळ्या हळूहळू खाली बसतात आणि काचेवर स्थिरावतात. दोन्ही द्रावणांचे प्रमाण चुकले की गोळ्या फुटतात किंवा चिमतात. या कामातला निम्मा वेळ लेझरपाशी जातच नाही, तो या साखरपाण्यात जातो.

आता यंत्राकडे. साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकात वरचा, खालचा, सगळ्याच प्रतलांतला उजेड एकदम डोळ्यांत येतो आणि गोळीचे चित्र धूसर होते. लेझरचा ठिपका नमुन्यावरून ओळीओळीने फिरवणाऱ्या यंत्रात एकाच प्रतलाचा काप घेता येतो. गोळी मधोमध कापली तर पातळ कडे दिसते, माथ्यावर कापली तर पटलाचा तुकडा सपाट पसरलेला दिसतो. यातला खास प्रकार म्हणजे दोन फोटॉनांचा सूक्ष्मदर्शक. एका रेणूने एकाच क्षणी दोन फोटॉन शोषावेत ही शक्यता मारिया गोपर्ट-मायर यांनी गटिंगेनमधल्या आपल्या प्रबंधात मांडली, १९३१ मध्ये. तेव्हा लेझर नव्हता, त्यामुळे ती कागदावरच राहिली. विन्फ्रिड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात तिच्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला तो १९९० मध्ये. अशा यंत्रांत पुढे रुळलेला टायटेनियम-सफायर लेझर सेकंदाला सुमारे ८ कोटी स्पंद सोडतो आणि प्रत्येक स्पंद शंभरेक फेमटोसेकंदांचा असतो. दोन फोटॉन एकदम शोषले जाण्याचे प्रमाण प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असल्याने नाभीच्या बाहेर जवळजवळ काहीच चमकत नाही.

पण लिपिड स्वतः चमकत नाही, त्यात रंगद्रव्य मिसळावे लागते. बहुतेक रंगद्रव्ये पटलाच्या सैल भागात गर्दी करतात आणि घट्ट भाग काळा राहतो. ग्रेगोरिओ वेबर यांच्या कामातून आलेले लॉरडान मात्र दोन्हीकडे शिरते आणि जागेप्रमाणे रंग बदलते. लिपिडे घट्ट रचलेली असली, पाणी आत शिरलेले नसले की ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळे चमकते. सैल, पाणी शिरलेल्या भागात ४९० च्या आसपास हिरवटाकडे झुकते. दोन्ही तरंगलांबींची तीव्रता मोजून फरकाला बेरजेने भागले की पटल कुठे किती घट्ट आहे त्याचा नकाशाच हाती येतो. साध्या अतिनील उजेडात लॉरडान झटकन विटते. ७८० नॅनोमीटरच्या दोन फोटॉनांनी ते नाभीपुरतेच जळते. लुईस बगातोली आणि एन्रिको ग्रॅटन यांनी इलिनॉय विद्यापीठात २००० च्या सुमारास पुटिकांचे असे नकाशे काढले.

त्यांत दिसते ते असे. डीपीपीसी हे लिपिड ४१ अंश सेल्सिअसखाली साजूक तुपासारखे थिजते. डीओपीसी शून्याखालीही पातळच राहते. दोन्ही एकत्र करून खोलीच्या तापमानाला आणली तर थिजलेल्या भागाचे वेडेवाकडे, कंगोरे असलेले तुकडे दिसतात. कोलेस्टेरॉल योग्य प्रमाणात घातले की चित्र पालटते: ठिगळे गोल होतात, वाहू लागतात, दोन भिडली की क्षणात मिळून पुन्हा एकच गोल ठिगळ तयार होते. गोल आकार हीच द्रवपणाची खूण. सीमेवर ताण असतो आणि सीमेची लांबी कमी राखायची तर वर्तुळाला पर्याय नाही. टोबियास बाउमगार्ट, सॅम्युएल हेस आणि वेब यांनी २००३ मध्ये नेचरमध्ये अशाच चित्रांवरून दाखवले की हा ताण पटलाला बाकही देतो. काही ठिगळे गोळीच्या अंगावर फुगवट्यासारखी उठून येतात.

या सगळ्याला धार आली ती काइ सिमन्स आणि एलिना इकोनेन यांच्या १९९७ च्या लेखाने. पेशीपटलात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिड यांचे ‘राफ्ट’ तरंगत असतात आणि प्रथिनांची ने-आण, संदेशवहन त्यांच्यावर चालते, असे त्यांचे म्हणणे. पुटिकांमधली ठिगळे पाहून अनेकांना राफ्ट डोळ्यांनी दिसल्यासारखे वाटले. मला हा उत्साह घाईचा वाटतो. पुटिकेतली ठिगळे कित्येक मायक्रोमीटरची असतात. जिवंत पेशीत शांत अवस्थेत तसले काही दिसत नाही. सत्यजित मयूर यांनी १९९८ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच केंद्र) ऊर्जा-हस्तांतराच्या मोजणीने पेशीवरचे राफ्टसारखे गट सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेहून लहान असल्याचे दाखवले. ही मर्यादा दृश्य प्रकाशात २०० ते २५० नॅनोमीटरची. ती ओलांडणाऱ्या स्टेड तंत्राने स्टेफान हेल यांच्या गटाला २००९ मध्ये स्फिंगोलिपिडे २० नॅनोमीटरहून लहान जागी काही मिलिसेकंद अडकताना आढळली. नंतर रेणवीय पातळीवर इतके बारीक पाहण्याच्या तंत्रांबद्दल हेल यांना इतर दोघांसह २०१४ चे नोबेल मिळाले.

शिवाय उजेड निरुपद्रवी नसतो. २००६ मध्ये आयुयान आणि कोहेन यांनी दाखवले की रंगद्रव्यावर पडणाऱ्या प्रकाशाने आणि पुटिका करताना दिलेल्या विद्युतदाबानेही लिपिडांचे पेरॉक्साइड बनते, आणि त्या पेरॉक्साइडमुळेच मोठी ठिगळे उमटू शकतात. म्हणजे पाहणाऱ्याच्या उजेडानेच चित्र रंगू शकते.

तरीही पुटिकांचे काम वाया गेलेले नाही. कोणत्या लिपिडांत, कोणत्या तापमानाला, किती कोलेस्टेरॉलवर पटल दोन अवस्थांत फुटते याचे पक्के आलेख याच मार्गाने मिळाले, आणि पेशीविषयीचा प्रत्येक दावा त्यांच्याशी ताडून पाहता येतो. वेब यांच्या गटात काम केलेल्या सुदीप्त मैती यांनी कुलाब्याच्या टाटा संस्थेत लेझरची हीच साधने घेऊन सेरोटोनिनसारखा संदेशवाहक रेणू थेट लिपिड पटलावर काय परिणाम करतो ते तपासले. वाचकाला एवढेच सांगणे: असे लाल-निळे गोळीचे चित्र कुठे दिसले तर आधी खालची ओळ वाचा. रंगद्रव्य कोणते, तापमान किती, लेझरची शक्ती किती, हे तिथे नसेल तर ते चित्र सुंदर म्हणावे, पुरावा म्हणू नये.