प्रिंटचं बटण एकदाच दाबा!



गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या कार्यालयात आम्ही कर्जप्रस्तावाची प्रिंट काढत होतो. बटण दाबलं, कागद काही येईना. परत दाबलं. असं पाच वेळा केलं. मग एका ताईंनी पाहिलं, तर प्रिंटरमधले कागदच संपले होते! कागद भरले आणि आठ पानांचा प्रस्ताव पाच वेळा बाहेर पडला. चाळीस कागद आणि शाई गेली.

असं का झालं? रेशन दुकानासमोर आपण पिशवी ठेवून नंबर लावतो ना, तसंच हे आहे. बटण दाबलं की कॉम्प्युटर ते काम रांगेत लावतो. पाच वेळा दाबलं, पाच पिशव्या लागल्या.

जोडणी कशी होते?
केबलचं चपटं टोक कॉम्प्युटरला आणि चौकोनी टोक प्रिंटरला लागतं. वाय-फायचा प्रिंटर असेल तर दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि प्रिंटर कार्यालयाच्या वाय-फायवर असेल, तर त्यांची गाठच पडत नाही.

बोलणं कसं होतं?
मध्ये एक दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपला मजकूर तो प्रिंटरला कळेल अशा भाषेत सांगतो. नवीन प्रिंटर आणला की त्याचा ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये असावा लागतो. प्रिंटरही उलट निरोप देतो: कागद संपला, कागद अडकला, झाकण उघडं आहे. म्हणून प्रिंट आली नाही तर आधी स्क्रीनवरचा निरोप वाचा, केबल आणि कागद बघा.

रांग कशी रिकामी करायची?
स्क्रीनवर खाली उजवीकडे, घड्याळाजवळ प्रिंटरचं छोटं चित्र दिसतं. त्यावर दोनदा क्लिक केलं की रांग उघडते. नको त्या कामावर उजवं क्लिक करून ‘कॅन्सल’ करा.

हे फक्त कागद वाचवण्यासाठी नाही बरं का! अडकलेलं काम कॉम्प्युटर बंद केला तरी रांगेत राहू शकतं. दुसऱ्या दिवशी कुणीही प्रिंटर सुरू केला, की आपल्या सदस्यांचे आधार नंबर, पासबुकची पानं त्यांच्या हातात!

शिल्लक जुळल्याशिवाय आपण बैठक संपवत नाही. तसंच रांग रिकामी बघितल्याशिवाय कॉम्प्युटर बंद करायचा नाही. पुढच्या बैठकीत सगळ्याजणींनी एकदा करून बघूया.