एक सामना हरून अजिंक्य

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात लंडन नावाचं एक शहर आहे. इंग्लंडमधल्या लंडनवरून नाव घेतलेलं, नदीलाही थेम्सच म्हणणारं. 1922 साली तिथे बायकांच्या बास्केटबॉलचे दोन सामने झाले. दोन्ही वेळा संघ तेच होते. एका सामन्यात पाहुण्या संघाने यजमानांना 41–8 असं धुऊन काढलं. दुसऱ्यात त्याच यजमानांनी त्याच पाहुण्यांना 21–8 अशी धूळ चारली.

कारण साधं होतं. दोन सामने दोन वेगळ्या नियमांनी खेळले गेले.

यजमान होत्या लंडन शॅमरॉक्स. पाहुण्या होत्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाकडच्या, आल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन कमर्शियल ग्रॅज्युएट्स. लोक त्यांना नुसतं ‘ग्रॅड्स’ म्हणत. पणाला लागलेलं होतं बायकांच्या बास्केटबॉलचं कॅनडातलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद. आणि पदासाठी भांडायला आलेल्या या दोन शहरांचं ‘बास्केटबॉल म्हणजे काय’ यावरच एकमत नव्हतं.

हा घोळ खेळाच्या जन्मापासूनचा. जेम्स नेस्मिथ हा मूळचा ऑन्टारियोचाच माणूस. त्याने 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ काढला. हिवाळ्यात कोंडून पडलेल्या विद्यार्थ्यांना काहीतरी उद्योग हवा होता, म्हणून त्याने बाल्कनीला पीचच्या टोपल्या ठोकल्या. काही महिन्यांतच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने जवळच्या स्मिथ कॉलेजातल्या मुलींना तो शिकवला, पण जरा सोवळ्यात. धावपळीने मुलींच्या नाजूक प्रकृतीला धोका पोचतो, हे त्या काळच्या डॉक्टरांचं आणि आईबापांचंही ठाम मत. म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीला जो भाग नेमून दिला, तिने तो सोडायचा नाही असं ठरवलं. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायला बंदी. चेंडू हातात ठेवायची मुदत ठरलेली, आपटत न्यायचा तोही मोजून. या धर्तीच्या ‘मुलींच्या नियमां’मध्ये पुढे प्रत्येक बाजूला सहा जणी खेळू लागल्या, आणि पूर्व कॅनडातल्या अनेक शहरांत तेच नियम रुजले. शॅमरॉक्स त्यात मुरलेल्या.

एडमंटनच्या मुली मात्र खेळत होत्या सरळ पुरुषांच्या नियमांनी. पाच जणी, अख्खं मैदान मोकळं, आणि जिला पळता येईल तिने पळायचं.

मग तोडगा निघाला तो असा: एक सामना तुमच्या नियमांनी, एक आमच्या, आणि दोन्हींतल्या गुणांची बेरीज करायची. खो-खोत दोन डावांचे गुण एकत्र धरतात, तोच हिशोब. बेरीज झाली 49–29. ग्रॅड्स एक सामना हरल्या आणि कॅनडाच्या विजेत्या झाल्या.

या निकालात एक गंमत आहे आणि ती शॅमरॉक्सच्या बाजूने सांगायला हवी. मुलींच्या नियमांत गुणच कमी होतात. मैदान वाटून दिलेलं, चेंडू हिसकायला मनाई, त्यामुळे खेळ थांबत-थांबत चालतो. म्हणजे शॅमरॉक्सनी त्यांच्या खेळात कितीही हुकमत गाजवली, तरी फरक मोठा पडणं अवघड. पुरुषांच्या नियमांत एकदा वेग पकडला की फरक वाढतच जातो. शॅमरॉक्स त्यांच्या खेळात 13 गुणांनी पुढे राहिल्या, ग्रॅड्स त्यांच्या खेळात 33 गुणांनी. बेरजेची पद्धत दोघींना सारखी दिसते खरी, पण तिचा काटा वेगवान खेळाकडे आधीच कललेला होता. अर्थात 41–8 हा काही नुसत्या नियमांचा चमत्कार नव्हे. पुढच्या 18 वर्षांनी ते दाखवलं.

हे 41 गुण आज थोडके वाटतात. पण तेव्हा प्रत्येक बास्केटनंतर चेंडू परत मैदानाच्या मध्यावर यायचा. दोन्ही संघांतल्या मधल्या खेळाडू समोरासमोर उभ्या राहायच्या, पंच त्यांच्यामध्ये चेंडू वर उडवायचा, ज्या संघाच्या हाती तो लागेल त्याची पुढची चाल. 1937 च्या सुमारास हा नियम गेला आणि गुण भराभर चढू लागले. तोवर उंच सेंटर ही संघाची तिजोरी असे. ज्या संघाकडे ती होती, तो बास्केट करून पुन्हा चेंडूही आपल्याकडेच ठेवू शकत असे.

ग्रॅड्स कोण होत्या, ते त्यांच्या लांबलचक नावातच आहे. एडमंटनच्या मॅकडूगल कमर्शियल हायस्कूलमध्ये टंकलेखन, लघुलेखन, हिशोबलेखन शिकवत. जॉन पर्सी पेज हे तिथले शिक्षक. त्यांच्या मुलींच्या संघाने 1915 मध्ये आल्बर्टा प्रांताचं अजिंक्यपद मिळवलं. शाळा संपली, पण मुलींना खेळ सोडवेना. त्याच वर्षी माजी विद्यार्थिनींचा क्लब निघाला आणि पेज त्याचे प्रशिक्षक झाले. क्लब 25 वर्षं चालला आणि प्रशिक्षकही तोच एक राहिला.

या सगळ्या हौशी खेळाडू. खेळण्याचे पैसे कुणालाच नाहीत. दिवसभर कचेरीत किंवा दुकानात काम, कुणी शाळेत शिकवणारी, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी शाळेच्याच जिममध्ये सराव. पेज गुरुजींचा कारभार कडक. सिगारेट नाही, दारू नाही, वागणं घरंदाज हवं. लग्न झालं की संघातून बाहेर. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकायलाच हवं. पण तेव्हा बहुतेक कचेऱ्यांतही लग्न झालेल्या मुलीची खुर्ची रिकामीच होत असे. गुरुजींनी जगाचीच रीत जिममध्ये आणली होती.

हौशी खेळाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे रेल्वेचं भाडं. एडमंटन ते लंडन हे अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त, मध्ये प्रेअरीचे न संपणारे सपाट प्रदेश आणि दिवसरात्र चालणारी गाडी. 1921 च्या शिरगणतीत एडमंटनची वस्ती जेमतेम 59 हजार. अशा गावातून पैसे गोळा करून पथक पाठवायचं, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मुली नेता येत. राखीव खेळाडूंचा थाट नाही. कुणी फाउल होऊन बाहेर गेली, तर बाकावर बघायला फारसं कुणी नाही.

म्हणूनच त्या काळच्या प्ले-ऑफला आजच्यासारखं ठरीव वेळापत्रक नसायचं. आधी शहरातला विजेता, मग प्रांताचा, मग पश्चिमेचा, आणि शेवटी पूर्व विरुद्ध पश्चिम. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न: कुणी कुणाच्या गावी जायचं? ज्या गावात तिकिटं खपतात तिथे सामना, कारण पाहुण्यांचा प्रवासखर्च गल्ल्यातूनच निघायचा. एकदा एवढ्या लांब आलेला संघ एकच सामना खेळून परत गेला तर परवडणार कसं? म्हणून लागोपाठ दोन सामने आणि गुणांची बेरीज. बेरजेमुळे पहिल्या दिवशी हरलेल्या संघाची आशा शिल्लक राहते आणि दुसऱ्या दिवशीही तिकिटं विकली जातात. या पद्धतीच्या मुळाशी न्यायबुद्धी किती आणि तिकीटखिडकी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ग्रॅड्स जिंकून आल्यावर एडमंटन पेटलं. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा फेव्हरिट निट्स हा संघ एडमंटनला आला. नावावरूनच कळतं, हा विणकामाच्या गिरणीने पोसलेला संघ. अमेरिकेत तेव्हा कारखाने, विमा कंपन्या, दुकानं आपापल्या नावाचे ‘हौशी’ संघ बाळगत. कागदावर खेळाडूला खेळाचा पगार नसे, कंपनीत नोकरी असे. क्लीव्हलँडच्या मुली स्वतःला जगज्जेत्या म्हणवूनच आल्या होत्या.

या मालिकेसाठी ट्रॉफी दिली टाइपरायटर बनवणाऱ्या अंडरवुड कंपनीने. हा तपशील कुणी कथेत घातला असता, तर संपादकाने ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून खोडला असता. कारण जिंकणाऱ्यांपैकी बऱ्याच मुली टाइपरायटरवर बोटं चालवूनच पोट भरणाऱ्या. कंपनीला जाहिरात मिळाली, खेळाला अमेरिका आणि कॅनडा यांच्यातलं एक कायमचं पद मिळालं. ग्रॅड्सनी पहिला सामना 34–20 असा घेतला, दुसरा 19–13 असा. बेरीज 53–33. ट्रॉफी एडमंटनमध्ये राहिली ती राहिलीच. पुढची 17 वर्षं एकाही आव्हानवीर संघाला ती घेऊन जाता आली नाही, आणि शेवटी कंपनीने ती ग्रॅड्सनाच देऊन टाकली.

सामने जिथे होत ती जागाही बघण्यासारखी. एडमंटनमधलं ते मोठं छप्पर मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी 1913 मध्ये बांधलेलं. हिवाळ्यात तिथे आइस हॉकी आणि मध्येच बास्केटबॉल. थंडी अशी की आत बसलेले लोकही कोट काढत नसत. त्या कोटवाल्या हजारोंपुढे, ढगळ ब्लूमर आणि लांब लोकरी मोजे घातलेल्या मुली धावत असत. ग्रॅड्सच्या मोठ्या सामन्यांना सहा-सहा हजारांवर लोक जमल्याची नोंद आहे. मुलींच्या प्रकृतीची काळजी वाहणाऱ्या पंडितांपैकी तिथे कितीजण तिकीट काढून बसत, कोण जाणे.

पण नुसत्या गर्दीवर संघ जिंकत नाही. पेज यांची खरी करामत कोर्टाबाहेरची. शाळेत मुलींचा कनिष्ठ संघ, त्यावर वरिष्ठ संघ, मग ‘ग्रॅडेट्स’ नावाचा दुसरा क्लब आणि शेवटी ग्रॅड्स. सगळीकडे तीच शिकवण, त्याच मोजक्या चाली, हजारदा घोटलेल्या. त्यामुळे लग्नामुळे एखादी खेळाडू गेली, तरी तिच्या जागी येणारी चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून त्याच चाली खेळत आलेली असे. 25 वर्षांत या संघातून खेळल्या त्या फक्त 38 मुली. त्यातल्या दोघीच बाहेरच्या शाळांतून आलेल्या. एका गावातल्या एका शाळेच्या बळावर देशाशी, मग खंडाशी टक्कर घ्यायची, याला हिंमत लागते. पण त्याहून जास्त लागते ती शिस्तीत लावलेली कोवळी पोरं. आपल्याकडच्या आखाड्यांच्या वस्तादांना हे सांगायला नको.

टोरांटोच्या लेकसाइड्सनी आव्हान देऊन पाहिलं. मग व्हँकुव्हर, विनिपेग, विंडसर, शिकागो. ग्रॅड्स 502 सामने जिंकल्या आणि 20 हरल्या. एका टप्प्यावर त्यांनी ओळीने 147 सामने जिंकले होते. आकड्यांच्या या डोंगरात हारही दडली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट खरी वाटत नाही. 1933 मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या ड्युरंट गावच्या कॉलेजचा कार्डिनल्स हा संघ एडमंटनला आला आणि उत्तर अमेरिकेच्या पदासाठीच्या मालिकेत ग्रॅड्सना त्यांच्याच गावात हरवून गेला. अंडरवुडची ट्रॉफी त्या मालिकेत पणाला नव्हती, एवढंच काय ते समाधान.

याच सुमारास नोएल मॅकडॉनल्ड ही सेंटर संघात आली. उंच, शांत, आणि मध्यावरचा चेंडू हमखास आपल्याकडे वळवणारी. 1938 मध्ये पत्रकारांनी तिला कॅनडातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं.

ऑलिम्पिकचं काय? 1924 च्या पॅरिसपासून 1936 च्या बर्लिनपर्यंत चार ऑलिम्पिकच्या निमित्ताने ग्रॅड्स प्रदर्शनीय सामने खेळल्या. 27 खेळल्या, 27 जिंकल्या. पदक एकही नाही, कारण बायकांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. पुरुषांचं 1936 मध्ये आलं, बायकांचं 1976 मध्ये, आणि तेही कॅनडातल्याच मॉन्ट्रियलला. नेस्मिथ यांनी हा संघ पाहिला आणि त्याचं तोंडभरून कौतुक केलं. खेळ काढणाऱ्याची शाबासकी पदकापेक्षा कमी की जास्त, यावर ग्रॅड्सच्या मुलींची मतं ऐकायला मजा आली असती.

संघ बुडाला तो हरून नव्हे. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, कॅनडाच्या हवाई दलाला प्रशिक्षणासाठी मोठी छपरं हवी होती आणि गुरांच्या प्रदर्शनाची ती इमारत त्यांनी घेतली. जून 1940 मध्ये शिकागोच्या क्वीन अ‍ॅन एसेस या संघाविरुद्ध ग्रॅड्स शेवटचा सामना खेळल्या. निकाल 62–52. या वेळी बेरीज करायची गरज पडली नाही. पर्सी पेज त्याच वर्षी आल्बर्टाच्या विधानसभेत निवडून गेले आणि 1959 मध्ये प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. अंडरवुडची ट्रॉफी पुन्हा कुणी मागायला आलं नाही.